झाडकामासाठी फोर-व्हील टिपर निवडताना: आधी वजन, मग चाकं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वेल्सच्या सीमेलगत झाडकामाचा स्वतःचा धंदा सुरू केलाय. तिघांची टोळी, मागे ओढायचा सहा इंची चिपर (फांद्यांचे बारीक तुकडे, म्हणजे चिप, करणारं यंत्र), आणि सध्या साडेतीन टनी साधा टू-व्हील टिपर, म्हणजे हौदा उचलून माल ओतणारी, दोनच चाकांना इंजिनाची ताकद असलेली गाडी. नोव्हेंबर लागला की शेतातल्या कामांवर गाडी रुतते आणि दर वेळी शेतकऱ्याचा ट्रॅक्टर बोलवावा लागतो. म्हणून आता सेकंड-हँड फोर-व्हील, म्हणजे चारही चाकांना ताकद असलेला, टिपर घ्यायचाय, आणि तीन पर्याय समोर आहेत: पिकअपवर बांधलेला टिपर, साडेतीन टनी फोर-व्हील, किंवा सहा-साडेसहा टनांचा ट्रक. मीही याच पट्ट्यात, हेरफर्डशरच्या लाल चिकणमातीत काम करतो, त्यामुळे तुमची अडचण मला नीट कळते. उत्तर लांबणार आहे, कारण यात पैसे बरेच अडकतात आणि चुकीची गाडी घेतली की ती चार-पाच वर्षं रोज सोबत असते.

आपल्या कामाचं वेळापत्रकच मुळात गाडीच्या विरोधात आहे. इंग्लंडमध्ये १ मार्च ते ३१ ऑगस्ट शेतकऱ्यांना बांधावरच्या कुंपणझाडोऱ्याला हात लावता येत नाही, आणि पक्ष्यांच्या घरट्यांमुळे मोठ्या झाडांची कामंही लोक पुढे ढकलतात. त्यात २०१२ पासून अ‍ॅश झाडांवरचा बुरशीरोग इथे पसरलाय, आणि मेलेल्या ठिसूळ अ‍ॅशची रांग बहुधा शेताच्या कडेलाच उभी असते. म्हणजे शेतातली सगळी कामं नेमकी जमिनीला वाफसा नसताना अंगावर येतात. अशा जमिनीत फोर-व्हील हवीशी वाटणं अगदी साहजिक आहे. तरीही मी आधी वजनाचंच बोलणार, कारण सेकंड-हँड बाजारात विकणारा चाकांबद्दल भरभरून सांगतो आणि वजनाबद्दल अवाक्षर काढत नाही.

हिशेब मांडून बघा. साडेतीन टनी टिपर म्हणजे माणसं, डिझेल, अवजारं, माल सगळं धरून ३,५०० किलो. वरती चिपचा उंच हौदा, खाली अवजारांच्या पेट्या असलेली साधी टू-व्हील गाडी, चालक आणि भरलेली टाकी धरून, समजा २,४५० किलो भरली. उरले १,०५०. आणखी दोन माणसं बसली, १७० गेले. करवती, दोर, इंधनाचे कॅन, रस्त्यावर लावायच्या पाट्या आणि शंकू मिळून १५० सहज होतात. चिपरचा दांडा हुकावर टेकतो, त्याचे ६० धरा. हातात राहिले ६७० किलो. ओल्या ताज्या चिपचं वजन घनमीटरला ३०० ते ३५० किलोच्या आसपास असतं. म्हणजे तुम्ही कायद्यात राहून साधारण दोन घनमीटर चिप नेऊ शकता. आता तुमचा हौदा मोजा. २.६ मीटर लांब, १.९ रुंद आणि १.४ उंच असेल तर तो जवळजवळ सात घनमीटरचा झाला. काठोकाठ भरला तर दोन टनांच्या वर माल. हौदा तिसरा हिस्साही भरत नाही तोवर गाडी पूर्ण भरलेली असते, आणि हे कळलेले लोक या धंद्यात फार कमी भेटतात.

आता याच गाडीत पुढचा अ‍ॅक्सल, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा ट्रान्सफर बॉक्स, जादा प्रोपेलर शाफ्ट आणि स्प्रिंगचे जाड पाटे घाला. दीडशे किलो वाढले असं समजा. ते दीडशे किलो त्या ६७० मधूनच जातात आणि ५२० उरतात. म्हणजे फोर-व्हील झाल्यामुळे प्रत्येक खेपेला जवळपास पाव माल कमी. डंपिंगची जागा वीस मैलांवर असेल तर दिवसात एक फेरी वाढते, आणि ती फेरी उन्हाळ्यातही वाढते, जेव्हा जमीन सिमेंटसारखी कडक असते आणि फोर-व्हीलचं काहीच काम नसतं.

जादा वजनाचा दंड कसा लागतो हेही ध्यानात ठेवा. वाहन तपासणी यंत्रणेने रस्त्यात काट्यावर घेतलं आणि जादा वजन १० टक्क्यांच्या आत निघालं तर १०० पौंड, १० ते १५ टक्के २०० पौंड, १५ ते ३० टक्के ३०० पौंड. त्यावर गेलं की थेट कोर्ट. वर दिलेला काठोकाठ हौदा मर्यादेच्या चाळीस टक्क्यांहून जास्त वर जातो. दंडापेक्षा मोठा त्रास म्हणजे वजन उतरवल्याशिवाय गाडी हलवू देत नाहीत. ओली चिप हमरस्त्याच्या कडेला कुठे ओतणार? दुसरी गाडी मागवावी लागते आणि दिवस बुडतो. अपघात झाला तर विमा कंपनी काट्याची पावती आधी बघते, हे वेगळंच.

आणखी एक गोष्ट: दारावर किंवा इंजिनजवळच्या प्लेटवर चार आकडे असतात. पहिला गाडीचा एकूण, दुसरा ट्रेलरसकट, तिसरा पुढच्या अ‍ॅक्सलचा, चौथा मागच्या. झाडकामाच्या टिपरमध्ये एकूण आकडा सांभाळूनही मागचा अ‍ॅक्सल ओलांडला जातो, कारण ओंडके मागूनच भरले जातात आणि चिपरचा दांडाही मागेच टेकतो. ओकचा साठ सेंटीमीटर व्यासाचा, तीस सेंटीमीटर जाड ताजा तुकडा साधारण नव्वद किलोचा असतो. असे पाच फाळक्याजवळ रचले की पाटे बसतात. जड ओंडके केबिनला टेकवून रचायची सवय टोळीला लावाच.

लायसन्सचा मुद्दा मराठी माणसासाठी इथे थोडा वेगळा आहे, म्हणून स्वतंत्र सांगतो. १ जानेवारी १९९७ च्या आधी इथे कारची परीक्षा दिलेल्यांना साडेसात टनांपर्यंतचा ट्रक चालवायचा हक्क आपोआप मिळालेला आहे. आजूबाजूचे जुने इंग्रज आणि वेल्श ठेकेदार साडेसात टनी ट्रक बिनदिक्कत चालवताना दिसतात, ते या हक्कावर. भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते, पण ते बदलून मिळत नाही. इथलीच परीक्षा द्यावी लागते. त्यामुळे तुमच्याकडे साधी बी श्रेणी, म्हणजे साडेतीन टनांपर्यंत. ट्रेलरच्या बाबतीत मात्र सोय झाली आहे: १६ डिसेंबर २०२१ पासून बी श्रेणीवर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर वेगळी परीक्षा न देता ओढता येतो. साडेसहा टनी ट्रक घ्यायचा तर सी-वन श्रेणी काढा. डॉक्टरी तपासणी, लेखी परीक्षा आणि ट्रकवरची परीक्षा असा तो टप्पा आहे. टोळीतल्या एकाने तरी ती काढलेली असावी असं माझं ठाम मत आहे, आज गाडी कुठलीही घ्या. ज्याच्याकडे सी-वन आहे त्याला भाड्याने ट्रक आणता येतो, आणि एका मोठ्या कामात परीक्षेचा खर्च निघू शकतो.

साडेतीन टनांच्या वर गेलात की ऑपरेटर्स लायसन्स, म्हणजे धंद्यासाठी मालट्रक वापरायचा परवाना, लागतं. स्वतःचाच माल नेणाऱ्याला त्यातला मर्यादित प्रकार पुरतो. त्यासाठी गाडी ठेवायची मान्य जागा, स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात, बाजूला ठेवलेली रक्कम दाखवणं आणि ठरलेल्या अंतराने वर्कशॉपमध्ये तपासणी, एवढं करावं लागतं. लोक याला घाबरतात, पण हे काम अवघड नाही, चिकाटीचं आहे. शिस्तीने तपासणी होणारी गाडी रस्त्यात कमी बंद पडते, हा त्यातला फायदाच आहे. साडेतीन टनी गाडीमागे ट्रेलर लावला तर दोघांचं वजन एकत्र धरतात, पण रिकामा ट्रेलर १,०२० किलोपर्यंतचा असेल तर तो हिशेबात येत नाही. तुमचा सहा इंची चिपर ७५० किलोच्या आत असणार. बहुतेक कंपन्या तो मुद्दाम तेवढ्यातच बसवतात, कारण ब्रेक नसलेल्या ट्रेलरची मर्यादा तीच आहे. टॅकोग्राफची, म्हणजे चालकाचे तास नोंदवणाऱ्या यंत्राची, गोष्ट निराळी. ट्रेलरसकट साडेतीन टन ओलांडले की नियम लागू होतात, पण साडेसात टनांच्या आत, तळापासून १०० किलोमीटरच्या परिघात, स्वतःच्या कामाची सामग्री नेणाऱ्या आणि गाडी चालवणं हे मुख्य काम नसलेल्या माणसाला सूट आहे. सरकारी मार्गदर्शन स्वतः वाचा आणि चिप टाकायच्या फेऱ्या त्या सुटीत बसतात का याची लेखी खात्री करून घ्या. यार्डातल्या गप्पांवर विसंबू नका.

आता फोर-व्हीलकडे. बाजारात 'फोर बाय फोर' एवढं लिहिलेलं असतं, पण त्याखाली फार वेगवेगळ्या गोष्टी येतात. डिफरन्शियल म्हणजे एका अ‍ॅक्सलच्या दोन चाकांत ताकद वाटणारा गिअर. साधा उघडा डिफरन्शियल ज्या चाकाला पकड नाही त्यालाच फिरवत बसतो. पुढे-मागे दोन्हीकडे उघडेच डिफरन्शियल असतील तर चार चाकी ताकद असूनही पुढचं एक आणि मागचं एक, अशी दोन चाकं चिखलात गरगरतात आणि गाडी जागची हलत नाही. म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो मागच्या डिफरन्शियलला लॉक आहे का, हा. दुसरा प्रश्न, लो गिअर आहे का. ओल्या फाटकातून चिपर ओढत चढताना, किंवा भरलेली गाडी घेऊन उतारावरून उतरताना इंजिनाच्या ब्रेकवर हळूहळू येता येणं, यात लो गिअरसारखी दुसरी सोय नाही. उतरताना पाय ब्रेकवर दाबून चाकं लॉक झाली की ओल्या गवतावर गाडी घसरगुंडी होते. चार चाकांना ताकद असली तरी ती थांबत नाही. तिसरा प्रश्न, पुढची चाकं कायम जोडलेली आहेत की हाताने जोडायची. हाताने जोडायच्या प्रकारात डांबरी रस्त्यावर फोर-व्हील ठेवून वळणं घेतली तर ट्रान्सफर बॉक्स आणि शाफ्टवर ताण साचत जातो. टोळीतला नवा पोरगा दिवसभर तसाच चालवतो आणि बिल तुम्ही भरता.

आणि एक गोष्ट फोर-व्हील कधीच करत नाही: जमीन वाचवत नाही. आपल्याकडच्या काळ्या रानात पहिल्या वळवानंतर जो ट्रॅक्टर घालतो त्याचं नाव गावभर होतं. हेरफर्डशरच्या लाल मातीतही तसंच आहे. टू-व्हील गाडी फाटकातच अडकते आणि तिथेच थांबते. फोर-व्हील गाडी मात्र कुरणाच्या मधोमध जाते आणि जाता-येता फूटभर खोल अशा दोन चाकोऱ्या मागे सोडते. चाकोऱ्या किती खोल होतील हे चाकाखालच्या दाबावर ठरतं, किती चाकांना ताकद आहे यावर नाही. मागे जोडचाकं असली की ती पुढच्या चाकांच्या चाकोरीत बसत नाहीत, नवी जमीन कापतात आणि दोन टायरांच्या मध्ये चिखल-दगड अडकतात. मागे एकेरी रुंद चाक असलेली फोर-व्हील मऊ जमिनीत जास्त सहज चालते. गिऱ्हाईक लॉनवरच्या खुणा विसरत नाही. झाड कितीही सुबक कापलं तरी त्याच्या डोळ्यांसमोर रोज तेच राहतं.

म्हणून गाडीआधी टायर. कित्येक टू-व्हील टिपर मी उन्हाळी रस्त्याच्या टायरांवर जानेवारीत शेतात रुतलेले बघितलेत. चांगले ऑल-टेरेन टायर, डोंगर आणि हिमकणाची खूण असलेले, लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) प्लेटला पुरेल एवढा; त्याच गाडीचं वागणं बदलतं. त्याबरोबर आठ बाय चार फुटी प्लॅस्टिकच्या जाड जमीनपाट्या सहा-आठ घ्या. त्या टाकून गाडी फाटकातून आत नेली की निम्मी भांडणं मिटतात. आणि ओल्या गवतावर सुरुवातीपासून गाडीचं तोंड उताराकडे करून उभी करा, रिकामी असताना, भरल्यावर नाही. हे तिन्ही उपाय करूनही रुतत असाल तेव्हा फोर-व्हीलचा विचार खरा सुरू होतो.

याहून मोठा उपाय एक आहे आणि तो फार लोकांच्या लक्षात येत नाही. गाडी झाडापाशी न्यायची की माल गाडीपाशी आणायचा? रणगाड्यासारखा पट्ट्यांवर चालणारा चिपर मिळतो. तो शेतात झाडापर्यंत जातो, जमिनीवर दाब कमी टाकतो, आणि शेतकरी तयार असेल तर चिप तिथेच कुंपणाखाली उडवता येते. मग वाहून नेण्याचा प्रश्नच संपतो. शेतावरच्या कामात निम्म्याहून जास्त मालकांना चिप किंवा ओंडके जागेवरच हवे असतात. विचारायचा कंटाळा करू नका. तुमची शेतातली कामं वर्षातून मोजकी असतील तर पट्ट्यांचा चिपर त्या दिवसांपुरता भाड्याने घेणं, हा फोर-व्हील ट्रकपेक्षा मला जास्त शहाणा खर्च वाटतो.

हे सगळं धरून तुमचे तीन पर्याय बघू.

पिकअपवरचा टिपर, म्हणजे इसुझू डी-मॅक्स, फोर्ड रेंजर, टोयोटा हायलक्स यांच्या चेसिसवर छोटा हौदा. चिखलात सर्वांत चपळ, अरुंद गल्लीत आणि जुन्या बागांच्या फाटकातून सहज आत जाणारी गाडी. लो गिअर असतो, बऱ्याच मॉडेलांत मागचा लॉकही, आणि ब्रेक असलेला साडेतीन टनी ट्रेलर ओढायची क्षमता. पण हौदा बांधल्यावर वजन वाहायची ताकद थोडीच उरते आणि तिघं माणसं बसली की आणखी घटते. तिचा खरा उपयोग ट्रेलरसोबत आहे: चिपर ओढा, किंवा दुसऱ्या दिवशी ओंडक्यांचा टिपिंग ट्रेलर ओढा. इथे कायद्याची एक बारीक सवलत आहे. चारही चाकांना ताकद असलेलं, माणसं आणि माल दोन्हींसाठी बांधलेलं आणि रिकामं वजन २,०४० किलोच्या आत असलेलं वाहन दुहेरी वापराचं धरलं जातं, आणि त्याला व त्याच्या ट्रेलरला ऑपरेटर्स लायसन्स लागत नाही. हौदा, तो उचलणारा जॅक, पेट्या बसवल्यावर ते २,०४० च्या आत राहतं का, हे वजनकाट्यावर पाहूनच ठरवा. नव्या डबल-कॅब पिकअप बऱ्याचदा त्या रेषेजवळ किंवा पलीकडे असतात. जुना लँड रोव्हर डिफेंडर टिपर अजून लोकांच्या मनात घर करून आहे. चिखलात तो उत्तमच. पण त्याचं उत्पादन जानेवारी २०१६ मध्ये थांबलं, किमती चढ्या आहेत, चेसिस गंजते, आणि चोरांना तो फार आवडतो. धंद्यासाठी मी तो घेणार नाही.

साडेतीन टनी फोर-व्हीलमध्ये दोन टोकं आहेत. एका बाजूला फोर्ड ट्रान्झिटची ऑल-व्हील गाडी. मागची चाकं घसरली की ताकद पुढे जाते, लॉकचं बटण आहे, लो गिअर नाही. ओलं फाटक, बर्फाळ गल्ली, यार्डातला चिखल यांना ती पुरते, खोल शेताला नाही, आणि वजनात फारसा मार बसत नाही. दुसऱ्या टोकाला इव्हेको डेलीची खरी फोर-बाय-फोर: कायम चार चाकी, लो गिअर, पुढे, मध्ये आणि मागे असे तीन लॉक. ती जिथे जाते तिथे मी पायी जायला कचरतो. पण ती उंच आणि जड आहे, आणि साडेतीन टनी प्लेटवर माल नेण्यासाठी जवळजवळ काही उरत नाही. डेली घ्यायचीच तर साडेपाच किंवा सात टनी प्लेटची घ्या आणि सी-वन काढा. साडेतीन टनीवर ती माणसं आणि अवजारं नेणारी गाडी आहे. चिपची गाडी नाही.

तिसरा पर्याय, साडेसहा टनी मित्सुबिशी फुसो कँटर फोर-बाय-फोर. तीन लिटर इंजिन, हाताने जोडायची चार चाकं, छोटी केबिन आणि इंजिनावर बसणारा चालक, त्यामुळे वळण आखूड आणि लांबीचा जास्तीत जास्त भाग हौद्याला मिळतो. तिघांची टोळी आणि चिपर धरून दोन टनांच्या आसपास माल कायद्यात बसतो. म्हणजे तुमच्या आजच्या गाडीच्या तिप्पट. सात घनमीटरचा हौदा तिच्यावर जवळजवळ पूर्ण भरता येतो. उणी बाजू म्हणजे मागची जोडचाकं आणि स्वतःचं वजन: मऊ कुरणात ती रुतली की साधा ट्रॅक्टर पुरत नाही. तरी तुमच्या कामाला, पक्क्या शेतरस्त्यांवर आणि फाटकांतून ये-जा करणाऱ्या टोळीला, या तिघांत मी हीच गाडी सुचवेन, मात्र सी-वन आणि ऑपरेटर्स लायसन्स हातात आल्यावरच. तोवर आहे तो टू-व्हील टिपर, चांगले टायर, जमीनपाट्या, आणि शेतकामाला भाड्याचा पट्टेवाला चिपर. लायसन्सच्या वाटेला जायचं नसेल, तर ट्रान्झिटची ऑल-व्हील घ्या आणि हौद्याच्या आतल्या भिंतीवर ओल्या चिपसाठी रंगाने रेघ मारून घ्या. वरच्या हिशेबाने ती रेघ तळापासून जेमतेम एका फुटावर येईल. बघून वाईट वाटेल, पण टोळीला दुसरं माप लक्षात राहत नाही.

हौद्याबद्दल थोडं, कारण चेसिसवर सगळे बोलतात आणि रोजचा त्रास हौदा देतो. फोर-व्हील चेसिस उंच असते, त्यामुळे हौद्याचा तळ छातीपर्यंत येतो. नव्वद किलोचा तुकडा दोघांनी कमरेपर्यंत उचलणं आणि छातीपर्यंत उचलणं यात पाठीचा फरक पडतो, तोही दिवसातून किती वेळा! बघायला जाल तेव्हा टेप घेऊन जा आणि जमिनीपासून तळाची उंची मोजा. तुमच्या चिपरची चोच हौद्याच्या काठावरून आत फेकते का, तेही तपासा. उंच चेसिसवर काठ चोचीच्या वर गेला तर चिप बाहेर उडते. अ‍ॅल्युमिनियमचा हौदा पोलादापेक्षा हलका, आणि साडेतीन टनी गाडीवर ते वाचलेले किलो म्हणजे थेट माल. पण ओंडके आदळणार असतील तर तळ तरी पोलादी हवा. वरचा उंच भाग काढता येणारा असेल तर उत्तम: ओंडक्यांच्या दिवशी उतरवून ठेवा. फाळका वरून बिजागरीचा आणि बाजूला उघडणारा, दोन्ही प्रकारे उघडणारा मिळाला तर तोच घ्या.

टिपिंग करताना गाडी सपाट हवी. कॉनिफरची, म्हणजे सूचिपर्णी झाडांची, ओली चिप हौद्याच्या एका कोपऱ्यात चिकटून राहते, जॅक वर जातो, आणि आडव्या उतारावर सगळं वजन एका बाजूला जाऊन गाडी कलंडते. जमीन मऊ असेल तर खालच्या बाजूचं चाक बसतं आणि तेच होतं. फाळका आधी उघडायचा, मग हौदा उचलायचा, आणि खाली हात घालायचा तर आधाराचा दांडा लावल्याशिवाय नाही. शेतावरच्या लाकडी खांबांवरच्या वीजतारा जमिनीपासून कमीत कमी ५.२ मीटरवर असतात. तुमचा हौदा पूर्ण उचलल्यावर टोक किती उंच जातं ते यार्डात एकदा मोजा, आणि तो आकडा केबिनमध्ये चिकटवून ठेवा. तारांखाली टिपिंग करायचंच नाही, मालकाने कितीही आग्रह केला तरी.

शहरात कामं घेणार असाल तर डिझेल गाडी युरो ६ या प्रदूषण-मानकाची हवी. लंडनचं अतिकमी-उत्सर्जन क्षेत्र (यूलेझ) २९ ऑगस्ट २०२३ पासून पूर्ण ग्रेटर लंडनभर आहे, आणि ब्रिस्टल, बर्मिंगहॅमलाही आपापली क्षेत्रं आहेत. तुमच्या गावाकडच्या कामांना याची गरज नाही, पण पुढे गाडी विकताना गिऱ्हाईक हेच आधी विचारेल.

सेकंड-हँड गाडी बघताना सर्वांत आधी क्रमांक टाकून सरकारी संकेतस्थळावर तिचा एमओटी, म्हणजे वार्षिक तपासणीचा, इतिहास बघा; तो फुकट आहे, आणि कुठल्या वर्षी कशाला नापास झाली, किती मैल झाले, सगळं दिसतं. साडेतीन टनांवरच्या ट्रकची वार्षिक तपासणी वेगळी असते, तिचे कागद मागा. विकणाऱ्याला गाडी रिकाम्या टाकीने नव्हे, भरलेल्या टाकीने आणि सगळ्या पेट्यांसकट काट्यावर न्यायला सांगा. पावतीवर प्रत्येक अ‍ॅक्सलचं वजन वेगळं हवं. हौदा नंतर बसवला असेल तर दुसऱ्या टप्प्याच्या मान्यतेचे कागद मागा. खाली झोपून केबिनमागची चेसिस, स्प्रिंगच्या पाट्यांची टोकं आणि हौद्याच्या सबफ्रेमखालची पट्टी बघा. ओली चिप तिथे साचते आणि गंज तिथूनच लागतो. पुढच्या अ‍ॅक्सलचे रबरी बूट फाटलेले नकोत. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले हवेत. कायम चार चाकी गाडीत एक नवा आणि तीन जुने असतील तर मधल्या डिफरन्शियलवर अन्याय होत आलेला आहे.

झाडकामाच्या गाड्यांचा एक खास आजार आहे. सकाळी आठ मैल जातात, दिवसभर उभ्या राहतात, संध्याकाळी आठ मैल परत येतात. एवढ्यात धूर गाळणारा फिल्टर कधी पुरेसा तापत नाही आणि चोंदतो. मैल कमी आहेत म्हणून खूश होऊ नका. कमी मैलांची गाडी या बाबतीत जास्त दुखणाईत असू शकते. चालवून बघताना वीस मिनिटं तरी मोठ्या रस्त्यावर न्या आणि फिल्टरचा दिवा लागतो का बघा. मग ओल्या गवतावर फोर-व्हील, लो गिअर आणि लॉक तिन्ही जोडून सोडून बघा. वर्षानुवर्षं न जोडलेला लॉक गंजून अडकतो, आणि विकणारा 'परवाच वापरला' म्हणतो. शेवटी यार्डात येऊन हौदा वजनासकट वर उचला, इंजिन बंद करा आणि दहा मिनिटं बाजूला उभे राहून बघा. हौदा हळूहळू खाली बसत असेल तर जॅकची सीलं किंवा व्हॉल्व्ह गेलाय. दुरुस्तीचा अंदाज आधी हायड्रॉलिकवाल्याकडून घ्या आणि तो किमतीतून वजा करूनच बोला.